काळे न्यायाधीश प्रवेश करतात

शनिवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी टोरांटोच्या नॉर्थ यॉर्कमधल्या एका बेसमेंटमध्ये न्यायमूर्ती काळे यांनी "मी बसू का?" असे विचारले. त्यामुळे चित्रीकरण सत्तेचाळीस मिनिटे थांबले.

प्रश्न साधा वाटेल. पण टेलिव्हिजनवर कोणी बसायचे आणि कोणी उभ्या उभ्या बोलून निघून जायचे हे आधीच ठरलेले असते. ही व्यवस्था चांगली आहे. तिच्यामुळे प्रेक्षकाला माणूस दिसताक्षणी ओळखता येतो आणि त्याला ओळखून घेण्याची तसदी पडत नाही.

माधवीताई रिसबूड यांना ही व्यवस्था मनापासून मान्य होती. 'आपला सोफा' या साप्ताहिक मराठी मालिकेच्या त्या लेखिका. त्याआधी पुण्यातल्या एका दैनिकात नऊ वर्षे उपसंपादक होत्या, त्यामुळे शब्द मोजून लिहीत आणि वेळेवर देत. मालिका एका बहुभाषिक वाहिनीवर रविवारी साडेअकरा वाजता लागते, युक्रेनियन स्वयंपाकानंतर आणि पोर्तुगीज फुटबॉलचर्चेच्या आधी. दर भागात एक मराठी कुटुंब सोफ्यावर बसून भांडते (विंटर टायर कधी बदलायचे, ड्राइव्हवेवरचा बर्फ कोणी शोव्हल करायचा, मुलाने कॉन्डो डाउनटाउनला का घेतला) आणि कोणीतरी पाहुणा येऊन ते मिटवतो. बाबा होतात नंदू, म्हणजे नंदकुमार खैरे, पूल बांधणीतले निवृत्त अभियंता. दिग्दर्शक तेच, कारण सोफा त्यांचा आहे. आई होतात त्यांच्या पत्नी शोभा. कॅमेरा माधवीताईंची मुलगी निधी सांभाळते.

गेल्या वर्षी वाहिनीने अट घातली. प्रत्येक मालिकेत आफ्रिकी वंशाच्या समाजाचे किमान एक पात्र 'अर्थपूर्ण रीतीने' दिसले पाहिजे, नाहीतर वेळ दुसऱ्या भाषेला दिली जाईल. मालिका चालवणाऱ्या पाच जणांच्या समितीने अट एकमताने मंजूर केली. अर्थपूर्ण रीत कोणती, हे शोधायचे काम देवदत्त पारसनीस यांच्याकडे आले. ते विमा कंपनीत आकडेतज्ज्ञ होते आणि त्यांच्याकडे पाय लांब करता येणारी खुर्ची होती.

देवदत्तांनी सहा आठवडे, एकूण चौऱ्याण्णव तास, टेलिव्हिजन पाहिला. कार्यक्रम बहुतेक अमेरिकन होते. (कॅनडा काही गोष्टी स्वतः न पिकवता शेजारून आणतो. उदाहरणार्थ संत्री, आणि कृष्णवर्णीयांविषयीचे मत.) त्यांना एकशे अठरा आफ्रिकी-अमेरिकन माणसे आढळली. वर्गवारी अशी :

गोऱ्या नायकाला प्रेमाबाबत सल्ला देऊन अंतर्धान पावलेले मित्र : एकतीस.
न्यायाधीश : तेवीस.
"तुझा बिल्ला टेबलावर ठेव" असे म्हणणारे पोलीसप्रमुख : एकोणीस.
मृत : सतरा (पैकी तेरा दुसऱ्या जाहिरातीआधी).
परिचारिका : चौदा.
गाणारे : नऊ.
स्वतःच्या घरात बसून जेवणारे : पाच. त्यांतले तिघे विम्याच्या जाहिरातीत होते, म्हणजे जेवण पुरे होईल याची खात्री नाही.

याच काळात त्यांना भारतीय माणसे चार दिसली. दोन औषधविक्रेते, एक टॅक्सीवाला आणि एक संगणकासमोरचा. हे अत्यंत एकांगी चित्रण आहे, असे खरमरीत पत्र देवदत्तांनी त्याच दिवशी तीन वाहिन्यांना पाठवले आणि पुन्हा मोजायला बसले.

मित्र नको, कारण सोफ्यावरच्या कुटुंबाला कोणाच्याच सल्ल्याने प्रेम करायचे नव्हते. न्यायाधीश ठरला. मालिकेत कोर्ट नव्हते, पण भांडण होते.

माणूस शोधावा लागला नाही. डॉ. लायनेल पेटवे, वय अडुसष्ट, दंतवैद्य, मूळचे अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे. पत्नी टोरांटोची होती म्हणून इकडे आले. ती गेली तरी इथेच राहिले. तेहेतीस वर्षे त्यांचा दवाखाना याच भागात होता आणि समितीतल्या प्रत्येकाच्या तोंडात त्यांनी कधी ना कधी हात घातला होता. निवृत्त झाल्यावर वेळ होता. शिवाय त्यांना थोडे मराठी येत होते, सगळे दाताचे. "आ करा." "आता थोडं टोचेल." "चूळ भरा." न्यायाधीशाला याहून फारसे लागत नाही.

आणि इथे माधवीताईंच्या हातून एक चूक झाली. चूकही म्हणता येणार नाही. ते सौजन्य होते. संहितेच्या समासात पात्राचा प्रवेश लिहायचा होता. 'कृष्णवर्णीय' हा शब्द समासात मावत नव्हता. 'काळा न्यायाधीश प्रवेश करतो' हे त्यांच्याने लिहवेना. न्यायाधीशाला अरेतुरे कसे करणार? म्हणून त्यांनी आदरार्थी बहुवचन वापरले. 'काळे न्यायाधीश प्रवेश करतात.'

श्रेयनामे करणारी गुंजन नागपूरला असते. तिने संहिता वाचली आणि पडद्यावर सुबक अक्षरांत लिहिले : न्यायमूर्ती काळे.

चूक लक्षात आली तेव्हा तीन भाग दाखवून झाले होते आणि पत्रांचा पाऊस सुरू झाला होता. बारा भागांत दोनशे बारा ई-मेल आले. एकशे चाळीस जणांनी हे काळे कुठले, असे विचारले. अडतीस जणांना ते आपल्या नात्यातले वाटले. सव्वीस जणांनी उच्चारावरून ते विदर्भाचे ठरवले आणि तिकडच्या उन्हाबद्दल सहानुभूती कळवली. आठ जणांना दातदुखी होती. ते आफ्रिकी-अमेरिकन आहेत, असे एकानेही लिहिले नाही.

"आई, ही इज लिटरली ब्लॅक," निधी म्हणाली. "दिसत नाही का लोकांना?"

"नाव वाचल्यावर कोण बघतं?" माधवीताई म्हणाल्या.

डॉ. पेटवे यांनी काळे म्हणजे काय, असे विचारले तेव्हा माधवीताईंनी ते एक चांगले आडनाव असल्याचे सांगितले. "ठाऊक आहे," डॉक्टर म्हणाले. "माझ्या फाइलींत सहा काळे होते. दोघं तर चांगले गोरे होते." ते हसले. माधवीताईही हसल्या, पण जरा उशिरा. (पेटवे हे आडनावही कोकणातले म्हणून सहज खपले असते. ते कोणाच्या ध्यानात आले नाही.)

मग वाहिनीचे पत्र आले. बाराही भाग तपासले असून त्यांत आफ्रिकी वंशाचे एकही पात्र आढळले नाही. श्री. काळे यांची गणना दक्षिण आशियाई पात्रांत केली आहे. गणना श्रेयनामांवरून होते. समाधानकारक पुरावा असलेला एक भाग सोमवारी दुपारी बारापर्यंत न आल्यास 'आपला सोफा' बंद समजावा.

माधवीताईंनी पत्र दोनदा वाचले. निवृत्तीनंतर आठवड्यातला एकच दिवस असा उरला होता की ज्या दिवशी कोणीतरी त्यांच्या मजकुराची वाट पाहत असे. तो रविवार होता.

समिती तातडीने जमली. काळे हे काळे आहेत, हे सिद्ध करायचे होते.

"नाव बदला," निधी म्हणाली. "पेटवे लिहा. सिंपल."

"आणि लोकांनी विचारलं, काळे कुठे गेले?" नंदू म्हणाले. "अडतीस नातेवाईक आहेत त्यांना!"

"गाणं म्हणायला लावू," शोभाताई म्हणाल्या.

"नऊच जण गायले," देवदत्त वही उघडत म्हणाले. "पुरावा कमजोर. मृत्यू बघा. सतरा मेले आणि सतराही जणांना मी बिनचूक ओळखलं. दुसऱ्या जाहिरातीआधी मेला की वाहिनीला शंकाच राहत नाही."

"डॉक्टरांना मारायचं?" माधवीताईंनी विचारले.

"डॉक्टरांना नाही हो. काळेंना."

तर्क बिनतोड होता. माधवीताईंनी शुक्रवारी संध्याकाळी भाग लिहून दिला. बर्फ कोणी काढायचे यावरून भांडण. काळे प्रवेश करतात. ज्याची गाडी त्याने काढावे, असा निकाल देतात. छातीवर हात ठेवतात. गालिच्यावर पडतात. जाहिरात.

शनिवारी डॉक्टर वेळेवर आले. काळा झगा घातला. प्रवेश केला. निकाल दिला, त्याला "चूळ भरा" आपल्या मनाने जोडले. छातीवर हात ठेवला. आणि पडण्याऐवजी सोफ्याकडे पाहून म्हणाले, "मी बसू का?"

"कट," नंदू म्हणाले. "डॉक्टर, लाइन नाहीये ही."

"ठाऊक आहे." पुढचे डॉक्टर इंग्रजीत बोलले. "हा तेरावा भाग. मालिकेचं नाव सोफा. मी अजून त्यावर बसलेलो नाही. आज मेलो तर राहूनच जाईल."

"ब्रेकमध्ये बसा की! कोण नको म्हणतंय?"

"ब्रेकमध्ये नाही. निधीचा कॅमेरा चालू असताना. नाहीतर तुम्ही दुसरा न्यायाधीश बघा."

इथे अडचण समजून घेतली पाहिजे. मराठी घरात उभा माणूस म्हणजे काम. बसला की तो पाहुणा होतो. पाहुणा झाला की चहा येतो, चहा आला की 'मूळ गाव कुठलं' येते, त्यामागून घरी कोण कोण असते हे येते, आणि एवढे विचारलेल्या माणसाला दुसऱ्या जाहिरातीआधी मारता येत नाही. ते बरे दिसत नाही.

"बसले तर पडणार कसे?" नंदू म्हणाले.

"मुद्दा तो नाही," देवदत्त म्हणाले. "बसून चहा प्यायले की ते आपलेच वाटतात. वाहिनी पुन्हा दक्षिण आशियाई धरेल. माधवीताई, रविवार जाईल हातचा."

डॉक्टर झगा सावरत उभेच होते. "माधवीताई," ते म्हणाले, "तेहेतीस वर्षं तुमचा प्रत्येक माणूस दवाखान्यात शिरला की दारातून विचारायचा, बसू का? दाताच्या खुर्चीत दुसरं काय करणार होता, देव जाणे. पण विचारायचा. मी काय म्हणत होतो?"

सगळ्यांना माहीत होते. हे सारे मिळून सत्तेचाळीस मिनिटे चालले, कारण मध्ये देवदत्तांनी मतदान सुचवले आणि ते दोन विरुद्ध दोन झाले. मत द्यायच्या राहिल्या होत्या माधवीताई.

त्यांनी संहिता हातात घेतली. 'पडतात' हा शब्द खोडला. वर 'बसतात' लिहिले. आदरार्थी बहुवचन तेच राहिले.

"बसा, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "निधी, कॅमेरा."

न्यायमूर्ती काळे बसले. शोभाताई संहितेत नसताना उठल्या आणि चहा घेऊन आल्या. नंदूंनाही पुढचे वाक्य दिलेले नव्हते. ते आपोआप आले.

"मूळ गाव कुठलं आपलं?"

"क्लीव्हलँड."

"ते झालं. पण मूळ?"

"अलाबामा. आजोबा तिथले."

"आणि त्याच्याही आधी?"

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. याचे मराठी त्यांच्याकडे नव्हते. निधीने नंतर ते पडद्यावर लिहिले. "त्याआधीचं सापडत नाही. सरकारी वहीत आमची नावं लिहायची पद्धत नव्हती. वय लिहायचे, आणि मालकाचं नाव. आम्हाला फक्त मोजलं होतं."

देवदत्तांनी वही मिटली. बेसमेंटमध्ये घर तापवणारा फर्नेस सुरू झाल्याचा आवाज आला. तो भागात तसाच आहे.

"चहा घ्या," शोभाताई म्हणाल्या. "गार होतोय."

पुरावा म्हणून भाग सोमवारी अकरा चाळीसला वाहिनीच्या गणना विभागाकडे गेला. "आपला मजकूर मिळाला, गणना चालू आहे," असे यंत्राचे उत्तर आले. तोवर आदल्या दिवशी, रविवारी, तो ठरलेल्या वेळी दाखवलाही गेला होता. पत्रे एकसष्ट आली. त्यांत सर्वांत सविस्तर पत्र ब्रॉसार्डच्या विजयालक्ष्मी मिरीकर यांचे. त्यांनी भाग दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा डोळ्यांना पदर लावला. त्यांची धाकटी बहीण बासष्ट वर्षांची, निवृत्त ग्रंथपाल, सहा वर्षांपूर्वी पती गेले. माणूस शांत आहे, चहा आवाज न करता पितो, हे पडद्यावर दिसलेच. काळे घराणे माहितीतले आहे. सोबत त्यांच्या ओळखीच्या विवाह मंडळाचा अर्ज जोडला होता. मूळ गावाच्या जागी क्लीव्हलँड त्यांनीच भरले होते. एक रकाना तेवढा भरायचा राहिला होता : वर्ण.

माधवीताईंनी डॉक्टरांना फोन केला आणि सगळे सांगितले. डॉक्टर बराच वेळ हसले. मग गंभीर होऊन बाईंचे नाव विचारले.

"रकान्यात काय काय चालतं?" त्यांनी विचारले.

"गोरा, निमगोरा, गहूवर्णी, सावळा," माधवीताईंनी वाचले.

"पाचवा?"

"पाचवा नाहीये."

"बरेच जण काय लिहितात?"

"गहूवर्णी."

"बरेच जण?"

"जवळजवळ सगळे," माधवीताई म्हणाल्या.

"सगळ्यांचा रंग एकच?"

माधवीताईंना चाळीस वर्षांपूर्वीचा आपला अर्ज आठवला. तो वडिलांनी भरला होता. रंग त्यांनी खिडकीपाशी उभे करून, दुपारच्या उजेडात ठरवला होता आणि एक पायरी वर चढवून लिहिला होता.

"तुम्हीच ठरवा," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही स्वतःचं जसं लिहिलंत तसं."

गुरुवारी दुपारी चार वाजता हा मजकूर पूर्ण झाला तेव्हा वाहिनीची गणना चालू होती. विजयालक्ष्मीबाईंचे स्मरणपत्र आले होते. अर्ज माधवीताईंच्या टेबलावर होता आणि रकाना कोरा होता. ज्या वाचकांनी किंवा ज्यांच्या आईवडिलांनी असा रकाना कधी भरला आहे आणि त्यात खरे लिहिले आहे, त्यांनी त्या वेळी काय लिहिले ते नमुन्यादाखल कळवावे, असे माधवीताईंनी इथल्या मराठी समाजाच्या ई-मेल यादीवर मंगळवारी विचारले आहे. यादीवर आठशे चाळीस जण आहेत.

अद्याप कोणी कळवलेले नाही.