बागवेडा आणि सात अंगठे

मोबाइल वाईट नसतो हो, माणसाचं मन कच्चं असतं! हे वाक्य मी कचेरीत इतक्यांदा ऐकवलं की शेवटी आमच्या मॅडमनी चौकशीचं काम माझ्याच गळ्यात मारलं. मॅडम म्हणजे कार्यालयप्रमुख, मी त्यांचा हेडक्लार्क.

"भाऊसाहेब, वरून पत्र आलंय. कामाच्या वेळेत आपले लोक सोशल मीडियावर का असतात, कारणं हवीत. नावांसकट! नावं गेली की मेमो निघणार."

"आठवड्यात देतो!" मी छाती काढून म्हणालो.

मी 'बागवेडा' नावानं खातं उघडलं आणि गुपचूप आमच्या लोकांच्या गटात शिरलो. संशय नको म्हणून घरच्या गॅलरीतल्या कोरफडीचा फोटो टाकला. पाच मिनिटांत सात अंगठे! खाली कुणीतरी लिहिलं, 'वा! काय निगा राखलीय!'

खरं सांगतो, मला भरून आलं. सव्वीस वर्षांत हजारो फायली वर पाठवल्या. प्रत्येकीवर एकच शेरा आला: 'पाहिले.' चांगलं नाही, वाईट नाही, नुसतं पाहिले. इथे एका कोरफडीचं एवढं कौतुक!

मग काय! दुसऱ्या दिवशी गुलाब, तिसऱ्या दिवशी मिरचीचं रोप. हेरगिरी राहिली बाजूला, मी फायलीच्या आड मोबाइल धरून अंगठे मोजत बसलो. आठवड्याच्या शेवटी यादी केली आणि घामच फुटला. कामाच्या वेळेत सर्वांत जास्त हजेरी बागवेड्याची! ते नाव मी हळूच गाळलं.

मॅडमनी यादी वाचली. "बागवेडा राहिला की."

"तो... तो बाहेरचा दिसतो, मॅडम!"

"बाहेरचा?" त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. माझ्या गुलाबाखाली मीच लिहिलं होतं: 'गुलाब उमलला आहे. माहितीस्तव सविनय सादर.' आणि खाली तारीख! "अहो, दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना माहीत आहे. टंकलेखिका बाई तर म्हणाल्या, रोज अंगठा देऊ या, भाऊसाहेब हल्ली चिडत नाहीत."

निवृत्तीला दोन वर्षं उरली आणि पहिला मेमो माझ्याच नावाचा!

"आणि सातवा अंगठा कुणाचा असतो, माहितीये?" मॅडम हळूच म्हणाल्या. "माझा. मलाही वरून 'पाहिले'च येतं हो."

यादी मी तिथेच फाडली. अहवालाचा नवा कागद घेतला, नावांच्या रकान्यात लिहिलं, 'सर्व.' कारणांच्या रकान्यात लिहिलं, 'केलेल्या कामाला इथे कुणी छान म्हणत नाही.' हाताखालच्या माणसांना मीही कधी म्हटलं नव्हतं. ते लिहिताना आठवलं आणि फार वाईट वाटलं. मॅडमनी खाली सही केली.

पंधरा दिवसांनी अहवाल परत आला. सगळी कचेरी मॅडमच्या टेबलाभोवती श्वास रोखून उभी. वरच्या साहेबांचा शेरा होता: 'पाहिले.'

मेमो कुणालाच नाही! आनंदाच्या भरात मी त्या शेऱ्याचा फोटो काढून बागवेड्याच्या खात्यावर टाकला. पाच मिनिटांत आठ अंगठे, तेही ऐन कामाच्या वेळेत!

आठवा कुणाचा, ते शोधायचं काम मात्र कृपा करून मला देऊ नका.