आपल्याच पेशी

सोनबाच्या डाव्या खुब्यातलं हाड आतून वाळत चाललं होतं. हडपसरच्या त्याच्या रानात आयटीच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्यापासून चालणं फारसं उरलंच नव्हतं. आता तर मोटारीत चढतानाही कळ यायची. कर्वेनगरच्या डॉक्टर सुहासिनीबाई अस्सल पुणेरी, पेशंटलाही 'आपण' म्हणणाऱ्या. त्यांनी समजावलं, "कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या मूळ पेशी खुब्यात सोडायच्या. त्यांच्यामुळे तिथं नवं हाड तयार होईल अशी आशा आहे. परक्याचं काही नको. आपल्याच पेशी वापरू."

हाडातून हाड उगवतं हे ऐकूनच सोनबा थक्क झाला. घरी येऊन त्यानं बायकोला, आनंदीबाईला सांगितलं, की भावकीतल्या कुणाचा तरी मगज लागणार.

"कुनाचा?"

"आपल्याच म्हनाल्या बाई. म्हंजी रक्ताचाच मानूस."

रक्ताचा सगळ्यांत जवळचा म्हणजे थोरला भाऊ बापूराव. जमीन विकताना बांधावरची चिंच कुणी तोडली, यावरून दोघांचं बोलणं बंद होऊन वर्षं लोटली होती. सोनबानं बरीच चालढकल केली. शेवटी काठी टेकत त्याच्या दारात गेला आणि मान खाली घालून मगज मागितला. बापूरावानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कवा यायचं?"

बातमी भावकीत पसरली. बापूरावाचं वय झालंय, त्याचा मगज पुरेल का, अशी शंका कुणीतरी काढली. मग राखीव म्हणून पुतणे निघाले. पुतण्यांना विचारलं, आम्हाला नाही, म्हणून मेहुणे रुसले, तेही निघाले. ऑपरेशनच्या सकाळी दवाखान्यासमोर जीपगाड्या भरून माणसं उतरली, सगळी उपाशीपोटी. काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मंगल कार्यालय पुढच्या चौकात. हा दवाखाना आहे."

सुहासिनीबाईंना प्रकार कळायला जरा वेळच लागला. "अहो, आपल्या म्हणजे तुमच्या," त्या म्हणाल्या. "स्वतः सोनबांच्या."

सोनबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भावकी वडापावच्या गाडीकडं वळली. बापूरावाच्या तोंडाकडं बघायचा त्याला धीर होईना.

कमरेखालचा भाग सुन्न केला, तरी सोनबा जागाच होता. बाईंनी सिरिंज वर धरून दाखवली. आत काळपट लाल, दाट काहीतरी. यंत्रात फिरवून आणल्यावर त्यातलं चमचा-दोन चमचेच उरलं. तेच खुब्यात जाणार होतं. जन्मभर हे आपल्या कमरेत होतं आणि आपण त्यावर नुसता करगोटा बांधत आलो, असं मनात येऊन त्याचे डोळे भरले.

खोलीत आणलं तेव्हा बापूराव तिथंच बसलेला होता, अजून उपाशी. सोनबानं पाहिलेलं सगळं त्याला सांगितलं. मग मला कशाला बोलावलंस, असं तो आता म्हणेल, याची वाट पाहत राहिला. बापूराव उठून पायथ्याशी गेला, चादर सारली आणि धाकट्याचे तळवे चोळायला लागला.

"गार पडल्यात. बरं वाटतंय का?"

सोनबाला कमरेखालचं अजून काहीच कळत नव्हतं.

"लई," तो म्हणाला. "जरा जोरात चोळ, दादा."