टाकी संपली की येते

काटेवाल्या काकांच्या मोटरसायकलची टाकी काही केल्या संपत नव्हती, आणि त्याचंच त्यांना दुःख होतं. साऱ्या जगाची रड पेट्रोल पुरत नाही म्हणून. काकांचा जीव मात्र ते उरतं म्हणून टांगणीला लागला होता.

काका वजनकाटे दुरुस्त करत. बाजारातल्या गल्लीत त्यांचं चिंचोळं दुकान होतं आणि वाण्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांचे काटे त्यांच्या हाताखालून जात. घरात मात्र काळ मोजायचं माप एकच, मोटरसायकलची टाकी. ही पद्धत काकूंची. "माझी दाढ काढून दोन टाक्या झाल्या," असं त्या सहज म्हणत आणि काकांना ते बरोबर कळे. म्हणूनच लेकीच्या बाळंतपणाला जाताना काकूंनी बसस्टँडच्या वाटेवर पंपावर गाडी थांबवायला लावली, टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली आणि सांगितलं, "ही टाकी संपली की मी आलेच म्हणून समजा."

काका मनात खूश झाले. एक टाकी म्हणजे अशी कितीशी? पण तो हिशोब दोघांच्या टाकीचा होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. सकाळी काकूंना शिवणक्लासला सोडायचं, संध्याकाळी भाजी, मग पुलापलीकडे त्यांच्या बहिणीकडे, येताना मागे काकू आणि काकूंच्या मांडीवर पिशव्या, अशी ती टाकी संपायची. आता काका एकटे दुकानात जात आणि एकटेच परत येत. पेट्रोलचा काटा घसरत घसरत अर्ध्यावर आला आणि तिथेच मांडी ठोकून बसला.

घर खायला उठलं होतं. सकाळी हात आपोआप दोन कप चहाचं पाणी ठेवत. दुसरा कप ओतून टाकायला मन होत नसे, म्हणून काका तोही पीत आणि दिवसभर पित्ताने हैराण होत. संध्याकाळी बातम्या लावल्या की स्वयंपाकघराकडे बघून "ऐकलंस का?" म्हणत. तिथून उत्तर देणारा एकटा फ्रिज, आणि तोसुद्धा गुरगुरून.

मग फोन करून 'ये' म्हणायला काय झालं होतं? फोन तर ते रोज करत. नातीच्या शिंकेपासून तिकडच्या हवेपर्यंत सगळ्याची चौकशी करत. पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काकांचा हात कोणी धरला नसता.

"टाकी कुठवर आली हो?" काकू विचारत.

"अर्धी आहे अजून."

"बरंच झालं. इथे पोरीला जागरणं होतायत. तुमचं काही अडत नाही ना?"

"छे! माझं काय अडतंय? तू राहा सावकाश."

फोन ठेवला की काका आरशात बघत आणि आरशातल्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत.

नळी लावून पेट्रोल काढून टाकता आलं असतं. पण मापात पाप करणं काकांच्या रक्तात नव्हतं. टाकी संपायची ती रस्त्यावरच. शेवटी त्यांनी नाक्यावरचं गॅरेज गाठलं.

"मिस्त्री, गाडीचं ॲव्हरेज बघ जरा."

"कमी झालं का काका?"

"वाढलंय. कमी करून दे."

मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला. एवढ्या वर्षांत अशी तक्रार घेऊन त्याच्या दारात कोणी आलं नव्हतं. त्याने काकांच्या कपाळाकडे बघितलं, ताप वगैरे दिसला नाही.

"काका, आधी पेट्रोलचा काटा तपासू का? कधी कधी..."

"काट्यातलं तू मला शिकवणार?" काका कडाडले. "तू फक्त गाडी जास्त कशाने पिते ते सांग."

"मग सोपं आहे. मागे वजन लादा. चाकात हवा जरा कमी ठेवा. सामान उंच बांधा, म्हणजे वारा अडतो. आणि पळवा! चाळीसने गेलात तर गाडी थेंब थेंब पिते. सत्तरच्या वर गेलात की निम्मं पेट्रोल वारा ढकलण्यातच जातं."

चाकांची हवा तर आधीच उतरलेली होती. ती भरायची आठवण काकू करत. दुकानात लोखंडी वजनांनाही तोटा नव्हता. प्रश्न होता, काकूंच्या वजनाइतकी म्हणजे घालायची किती? आयुष्यभर जगाचे काटे बघणाऱ्या या माणसाला बायकोला 'जरा काट्यावर उभी राहा' म्हणायचं धाडस कधी झालं नव्हतं. अंदाजानेच त्यांनी पोत्यात वजनं भरली, पोतं उचलून बघितलं, हलकं वाटलं, म्हणून आणखी दोन टाकली. पोतं काकूंच्या जागी बांधलं. वारा अडावा म्हणून त्यावर गादीची वळकटी उभी केली, आणि काका हमरस्त्याला लागले.

साठ. पासष्ट. सत्तर. काकांनी जन्मात एवढा वेग बघितला नव्हता. बघणार कुठून? काटा पंचेचाळीसला टेकला की पाठीवर दोन बोटं वाजायची, "अहो, हळू!" आता सत्तर झाले तरी पाठीवर काहीच वाजत नव्हतं. त्या रिकाम्या पाठीची काकांना वेगापेक्षा जास्त भीती वाटली. गतिरोधक आला तसे ते सवयीने ओरडले, "धर गं!" पोत्याने धरलं नाही, वजनं खणखणली आणि वळकटी त्यांच्या हेल्मेटवर आदळली.

असं रोज चालू झालं. दुकान बंद केलं की हमरस्त्यावर लांबवर जायचं आणि तसंच परत फिरायचं. तरी पेट्रोलचा काटा अर्ध्यावरून तसूभर हलेना. शेवटी एका वाहतूक पोलिसाने त्यांना बाजूला घेतलं.

"कुठे निघालात एवढ्या घाईने?"

"कुठेच नाही."

"मग हे सामान?"

"पेट्रोल जाळायला."

पोलिसाने पोतं सोडलं. आत लोखंडी वजनं बघून त्याच्या भुवया वर गेल्या. "कोणाच्या दुकानातली उचलली?"

आता मात्र काकांना खरं सांगणं भाग पडलं. टाकी, लेक, काकू, सगळं. जे बायकोला सांगायचं ते रस्त्याकडेला एका अनोळखी माणसाला सांगितलं गेलं होतं. पोलिसाने शिट्टी खिशात टाकली, पोत्याचं तोंड स्वतः बांधून दिलं आणि काकांच्या पाठीवर हात ठेवला.

"जा काका. पण हळू."

परत येताना काकांनी गाडी चाळीसच्या वर नेली नाही.

इकडे शेजारणीचं लक्ष होतंच. काका रोज वळकटी बांधून निघतात, गल्लीच्या तोंडाशीच मागच्या पोत्याशी बोलतात आणि अंधार पडता पडता परत येतात, एवढं तिला पुरेसं होतं. तिने काकूंना फोन लावला. "काकू, घाबरू नका, पण काका घर सोडून जायचा सराव करतायत!"

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोन वाजला. "स्टँडवर उभी आहे. न्यायला या."

काका दुकान अर्धं उघडं टाकून निघाले. इतक्या घाईत पोतं उतरवायचं राहूनच गेलं. काकू चार पिशव्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी काकांना खालून वर न्याहाळलं, मग गाडीकडे बघितलं.

"माझ्या जागेवर कोण बसलंय?"

"ते... तुझ्याऐवजी."

वजनं बाजारातल्या गिऱ्हाइकांची, ती स्टँडवर टाकून कशी द्यायची? काकू पोत्यामागे जेमतेम टेकल्या, पिशव्या हँडलला अडकल्या आणि वळकटी काकांच्या मांडीवर आली. गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत निघाली. घराजवळच्या चढावर तिने दोन आचके दिले आणि मान टाकली.

"पेट्रोल?" काकू म्हणाल्या.

"अशक्य. अर्धी टाकी आहे. हा बघ काटा."

काकूंनी उतरून त्या काट्याच्या काचेवर दोन बोटं वाजवली. काटा थरथरला आणि धपकन शून्यावर जाऊन पडला. टाकीचं झाकण उघडून गाडी हलवली तर आत काही वाजेना. जगाचे अडकलेले काटे सोडवणाऱ्या काकांच्या स्वतःच्या नाकासमोर काटा अडकून बसला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

काकू हसायला लागल्या. "म्हणजे टाकी आत्ता संपली. मग मी अगदी वेळेवर आले की!"

"नाही," काका म्हणाले. "फार उशिरा आलीस. मला करमत नव्हतं गं. मुळीच करमत नव्हतं."

काकूंचं हसू थांबलं. त्यांनी पदराने उगाच काट्याची काच पुसली, मग मागे गेल्या आणि ढकलायला हात लावला. हँडल धरून काका पुढे, काकू मागे, असे दोघं चढ चढू लागले. काकांना एवढं हलकं किती दिवसांत वाटलं नव्हतं. चढ संपूच नये असं त्यांना वाटत होतं.

अर्ध्या चढावर काकूंनी पोत्यावर हात ठेवला, जरा उचलायचा प्रयत्न केला आणि त्या थांबल्या.

"अहो, एक सांगा. हे माझ्याऐवजी होतं ना? मग मला किती किलोची धरलीत?"

काकांनी मान खाली घातली आणि गाडी जोरात ढकलायला सुरुवात केली.