बाईंच्या कुत्र्याला मोजे

"बाई, तुमच्या कुत्र्याला मी फिरवून आणू का?"

वाचायला सोपं वाटतंय ना? विचारून बघा! बाई म्हणजे आमच्या गणिताच्या बाई. त्यांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं तरी शेवटच्या बाकावर आपोआप पाढे सुरू होतात. "विचारूनच दाखव!" अशी पैज ठेंगी आणि चष्मिस या माझ्या दोन मैत्रिणींनी लावली होती. पण मागच्या महिन्यात मी वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आले, तेव्हापासून मी कुणाला घाबरत नाही. (स्पर्धेत तिघीच होतो, ते सोडा.) मी सरळ बाईंच्या घराची बेल वाजवली आणि विचारून मोकळी झाले!

बाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता. त्या ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "रविवारी माझा भाऊ त्याला कायमचा घेऊन जाणार आहे. पाय बरा झाला तरी मला आता याला फिरवणं जमणार नाही ना. दहा वर्षं झाली गं याला..." आणि उगाचच खिडकीबाहेर बघायला लागल्या.

त्यांच्या खुर्चीखाली बाकी बसला होता. आठ पिल्लं होती, सात लोकांना वाटून झाली, उरला त्याचं नाव बाईंनी बाकी ठेवलं! पांढराशुभ्र, म्हातारा आणि पाय इतके आखूड की जरा चिखल असला तर पोटानेच रस्ता पुसत जाईल.

"बाई, भावाला नको म्हणून सांगा. मी आहे ना!"

"बाहेर गारठा आहे, भुरभुर पाऊस आहे. पोट ओलं झालं की हा खोकत बसतो. उद्या एकदा नेऊन बघ. कोरडा, उबदार आणि स्वच्छ परत आला, तर भावाला फोन करीन."

"एक ठिपका दिसला तर नाव बदलीन!"

माझी आई शिवणकाम करते, त्यामुळे शिवण माझ्या रक्तातच आहे. न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा कापला, आतून जुन्या शालीचं अस्तर लावलं, झाला कोट! पायांसाठी बाबांचे ऑफिसचे चार मोजे. वा! दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या जिन्यात मी बाकीला नटवलं, उचलून रस्त्यावर आणलं, खाली ठेवलं आणि म्हटलं, "चल!"

बाकी चालला नाही. चार पाय चार दिशांना रोवून, समोर एकटक बघत तसाच उभा राहिला. जणू कुणी त्याचं बटणच बंद केलं होतं! नाकासमोर बिस्कीट धरलं, तर फक्त डोळे हलले.

पेपरवाले काका सायकल थांबवून म्हणाले, "काय गं, भुसा भरलेला आहे का?"

"जिवंत आहे काका!"

"मग हलत का नाही?"

तेवढ्यात दूध घेऊन येणाऱ्या, बाईंच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या काकू किंचाळल्या, "अगं बाई, हा तर ताठ झालाय!" आणि तरातरा घराकडे निघाल्या.

मी कशाला लक्ष देते! नाहीतरी मी फिरवून आणते म्हटलं होतं. स्वतःच्या पायांनी चालेल, असा शब्द कुठे दिला होता? बाकीला दोन्ही हातांवर आडवा घेतला आणि बागेला फेरी मारायला निघाले.

लोक इतके प्रेमळ असतात, हे मला माहीतच नव्हतं! बाकावर बसलेले एक आजोबा उठून उभे राहिले, कानटोपी काढली, मान खाली घातली. मीही मान लववून "थँक्यू" म्हटलं. लाँड्रीवाल्या काकांनी तर हातच जोडले.

"किती वर्षांचा होता?"

"दहा!"

"सुखात गेलं ना आयुष्य?"

"खूप! बाई फार लाड करायच्या!"

त्यांनी डोळे पुसले. मला वाटलं, थंडीने पाणी आलं असेल.

बाईंच्या गल्लीत वळले आणि बघते तर फाटकाशी बाई! कुबड्यांवर, भर पावसात, चांगल्या पायात चप्पल घालायचीही विसरलेल्या. शेजारी काकू, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. बाई रडत होत्या. आमच्या बाई!

आता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आडवा बाकी, ताठ पाय, जोडलेले हात... अरे देवा!

"बाई, तो जिवंत आहे!" असं ओरडत मी धावत सुटले आणि धप्! थेट खड्ड्यात! कानापर्यंत चिखल! पण हात वर ते वरच. स्पर्धेचा कप धरावा तसा मी बाकीला डोक्यावर धरून ठेवला होता. त्या धक्क्याने एक मोजा निसटला आणि बाकीने हवेतच ठणकावलं, "भो!"

बाईंच्या कुबड्या काकूंनी पकडल्या म्हणून वाचलो. बाईंनी बाकीला छातीशी धरलं, कोटाखाली हात घातला. पोट कोरडं. अंग ऊन. उरलेले मोजे काढले. पंजे पांढरेशुभ्र. मग त्यांनी मला बघितलं.

"बावळट मुली!" त्या रडता रडता हसायला लागल्या. "पायांत असलं काही घातलं की तो जागचा हलत नाही. परत आल्यावर कोमट पाण्याने पाय धुवायचे, बोटांच्या मधलं पुसून घ्यायचं, झालं! आणि तू? तुझे दात वाजतायत!"

ज्या हातांनी माझ्या वहीत फुल्यांची रांग लावली, त्याच हातांनी बाईंनी बाकीच्या टॉवेलने माझे केस पुसले. माझ्याच कानामागचा चिखल काढला. मला हीटरजवळ बसवून बाकीच्या रगमध्ये गुंडाळलं. त्या रगला बाकीचा वास येत होता आणि त्याचे केस माझ्या नाकात जात होते, पण इतकं उबदार मला कधीच वाटलं नव्हतं. मग बाईंनी फोन उचलला. "दादा, रविवारी येऊ नकोस. सोय झाली." शेवटचे दोन शब्द बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या. मला एकदम काहीतरी छान बोलायचं होतं. वक्तृत्वात दुसरी आलेली मी, पण तोंडातून नुसती शिंक आली.

घरी आल्या आल्या मी आई-बाबांना समोर बसवलं आणि जाहीर केलं, "माझा निर्णय झालाय! रोज पहाटे साडेपाचला मी बाकीला फिरवणार. थंडी असो, चिखल असो, माघार नाही! आता मला पाच वाजता उठवायचं कुणी, तेवढं तुम्ही दोघांनी ठरवा."