मावशींची डावी बाजू

आमच्या यानाच्या प्रकृतीकडे यापुढे माणसाने डोळे लावून बसायची गरज नाही, असं मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं. यान नऊ वर्षं सूर्याभोवती हिंडत होतं. नियंत्रण कक्षात सगळे त्याला लाडाने ‘मावशी’ म्हणायचे. त्याचं तापमान, बॅटरी, दिशा, सगळं आता आमची नवी एआय बघणार होती. काही बिनसलं की कक्षाच्या ग्रुपवर साध्या मराठीत कळवणार होती.

तो ग्रुप निवडताना मात्र माझी जरा तंद्री लागली. खिडकीतून ऊन येत होतं. पडद्यावरचा यानाचा हिरवा ठिपका इतका सावकाश सरकत होता, की आपणही त्याच्यासोबत कुठेतरी तरंगतोय असं वाटावं.

दुपारी वहिनीचा फोन आला.

“भाऊजी, मावशींची डावी बाजू गार पडलीये, शक्ती कमी होतेय, आणि तुम्ही ऑफिसात बसलाय?”

“कोण म्हणालं?”

“घरच्या ग्रुपवर आलंय. ‘सूर्याकडे वळवा’ म्हणे. आम्ही खुर्चीसकट वळवलंय त्यांना. डॉक्टर निघालेत.”

मागून माझ्या सख्ख्या मावशीचा आवाज आला, “अगं, घामाने भिजले मी. सोडा मला.”

मी हसणार होतो, पण तो निरोप आमच्या एआयचा होता. कक्षात सगळे दिवे हिरवे होते. तरी आकडे उघडून पाहिले. यान सकाळपासून केसाकेसाने वळत उन्हाकडे पाठ करत चाललं होतं. धोक्याची घंटा वाजेपर्यंत बॅटरीत परत वळण्यापुरतीही शक्ती उरली नसती.

“साहेब, मावशींना वळवायला हवं. आत्ताच.”

आज्ञा पोचायला अकरा मिनिटं, उत्तर यायला अकरा. मला ती आकाशातली मावशी दूर काळोखात, एकटीच, हळूहळू कूस बदलताना दिसत होती. मधेच तिच्या अंगावर माझ्या मावशीची शालही दिसायची.

मग बॅटरीचा आकडा एकाने वाढला. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

घरी डॉक्टरांना मावशीचं नाक तेवढं लाल झालेलं आढळलं.

संध्याकाळी अहवाल लिहायला बसलो. ‘बिघाड प्रथम कोणाच्या लक्षात आला?’ या रकान्यापाशी बराच वेळ अडलो. एआय लिहावं, तर तिने कळवलं कुणाला, हा प्रश्न आलाच. शेवटी लिहिलं, ‘वहिनी’.

साहेबांनी वाचलं, मान डोलावली आणि कौतुकाने विचारलं, “या कुठल्या विभागात असतात?”