दिवेवाल्याचे मनोगत (पाच गुण)

बायकोला अभ्यासात मदत करायची, असं भाऊंनी एका सकाळी दाढी करता करता ठरवलं. गाल कापला, तिथेच खरं तर थांबायला हवं होतं.

भाऊ पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात कारकून. लोकांचं पाणी का आलं नाही, हे लोकांनाच नम्रपणे विचारणं, हे त्यांचं काम. त्यांच्या घरच्या मंडळींना सगळं ऑफिस वहिनी म्हणायचं. वहिनी शाळेचे गणवेश शिवायच्या. एकुलता एक मुलगा नोकरीसाठी परगावी गेला, तेव्हा भाऊंना वाईट वाटलं खरं, पण आत कुठेतरी एक बारीकशी उकळीही फुटली, की आता आपण दोघंच. संध्याकाळी फिरायला जाऊ, गप्पा मारू. (कोणत्या गप्पा, हे त्यांनी ठरवलं नव्हतं. पण मारू.)

मुलगा गेला आणि आठवड्याभरात वहिनींनी शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा बाहेरून फॉर्म भरला. लग्नापायी राहून गेलेली परीक्षा. बाकीचे विषय त्यांना जमत होते. घोडं अडलं ते इंग्रजी साहित्यावर.

"कुणाला सांगायचं नाही हं," त्यांनी भाऊंना बजावलं. "ऑफिसात तर मुळीच नाही. नापास झाले तर तोंड कुठे लपवू?"

झालं. वहिनी घरात असून नसल्यासारख्या झाल्या. जेवताना ओठ हलायचे, पण ते स्पेलिंगसाठी. भाऊ म्हणायचे, "आज साहेब काय म्हणाले माहीत आहे?" आणि वहिनी म्हणायच्या, "थांबा हो, जाईल डोक्यातून." भाऊ थांबायचे. साहेबांचं म्हणणं भाताबरोबर गिळून टाकायचे.

इंग्रजीच्या पुस्तकात एक धडा होता. समुद्रातल्या दीपगृहाचा रखवालदार, त्याची बायको आईच्या आजारपणासाठी किनाऱ्यावर गेलेली, आणि समुद्र खवळल्यामुळे तिला परत येता येत नाही. घरात त्या रखवालदाराचं नाव पडलं होतं दिवेवाला. सराव संचात प्रश्न होता, 'तुम्ही दीपगृहाचे रखवालदार आहात अशी कल्पना करा. बायकोची वाट पाहताना तुमच्या मनात काय येते?' आणि खाली उत्तराच्या जागी छापलं होतं, 'विद्यार्थ्यांनी स्वतः लिहावे.'

"मला नाही सुचत," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही सांगा ना मराठीत, मी नंतर इंग्रजी करते. फोनवर बोलून पाठवा. मशीनवर हातपाय अडकलेले असतात, कान मोकळेच असतात."

वहिनींनी आपल्याकडे काहीतरी मागितलं, याचाच भाऊंना इतका आनंद झाला की दुपारच्या सुट्टीत ते डबा न खाता रेकॉर्डरूममध्ये जाऊन बसले. जुन्या फायलींच्या ढिगात शांतता होती. भाऊंनी डोळे मिटले, दिवेवाला अंगात घेतला, फोन तोंडापाशी धरला आणि बोलले. बोलून झाल्यावर नाक शिंकरलं, बटण दाबलं आणि संदेश पाठवला.

संदेश गेला 'पाणीपुरवठा परिवार' या ग्रुपवर. साहेबांपासून शिपायांपर्यंत सगळे त्यात. एरवी तिथे सकाळची फुलं आणि फुटलेल्या पाइपांचे फोटो यायचे. त्यातच भाऊंच्या फोनची बॅटरी संपली. फोन खणात टाकून ते समाधानानं जागेवर येऊन बसले.

थोड्या वेळानं टायपिस्टबाई आल्या. आपला उरलेला डबा त्यांनी भाऊंपुढे सरकवला आणि डोळ्यांना पदर लावला. मग हिशेब खात्यातला एक जण, ज्यानं भाऊंना आजवर कधी पेनसुद्धा दिलं नव्हतं, येऊन खांद्यावर थोपटून गेला. भाऊंना वाटलं, आपली बदली झाली.

मग साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"बसा, भाऊ. मला सगळं कळलंय."

परीक्षेचं फुटलं, असं भाऊंना वाटलं! "साहेब, कृपा करून कुणाला सांगू नका. हिला फार लाज वाटते."

"वाटणारच! कधीपासून चाललंय?"

"मुलगा गेल्यापासून. तिनं मनावरच घेतलं."

साहेबांनी आवाज खाली आणला. "आणि... हे कुणापायी?"

"सध्या दिवेवाल्यापायी," भाऊ म्हणाले. "तोच फार त्रास देतोय."

"दिवेवाला? म्हणजे वायरमन?"

"तसाच काहीसा. सरकारीच आहे. समुद्राकडे असतो. एकटाच असतो बिचारा."

"बिचारा? तुम्ही त्याला बिचारा म्हणता?"

"त्याचं मन समजून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, साहेब. आधी हिला तो आवडतच नव्हता. मीच रोज जेवताना त्याच्याबद्दल चांगलं चांगलं सांगितलं. आता म्हणते, सगळ्यांत हाच बरा."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "सगळ्यांत? म्हणजे अजून आहेत?"

"आहेत की. एक राजा आहे, एक तुरुंगातून सुटलेला आहे. पण ते तिनं ऑप्शनला टाकलेत."

साहेब उठून उभे राहिले. "भाऊ," ते म्हणाले, "तुम्ही माणूस नाही, देव आहात. पण हे असं चालू द्यायचं नाही. गाडी काढायला सांगतो. वहिनींना त्या वायरमनच्या घरून परत आणायचं."

भाऊंना त्यातलं 'घरून' तेवढं ऐकू आलं. साहेब आपल्याला घरी सोडताहेत, असं त्यांना वाटलं. खात्याच्या गाडीत मागे टायपिस्टबाई येऊन बसल्या, तेव्हा मात्र त्यांना जरा नवल वाटलं. वायरमनचा पत्ता घ्यायला म्हणून सगळे आधी भाऊंच्या घरी आले.

दार वहिनींनीच उघडलं. गळ्यात मापाची टेप, केसांत दोरे.

"तुम्ही इथे?" साहेब म्हणाले.

"मग कुठे असणार?" वहिनी म्हणाल्या. "या ना, बसा."

टायपिस्टबाईंनी पुढे होऊन वहिनींचे दोन्ही हात धरले. "वहिनी, जे झालं ते झालं. पण हा माणूस काय म्हणतोय ते एकदा ऐका." आणि त्यांनी फोन मोठ्या आवाजात लावला.

खोलीत भाऊंचा आवाज आला. भाऊंनी स्वतःचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. पळून जावं म्हटलं तर दारात साहेब.

"अगं, समुद्र काही शांत व्हायचं नाव घेत नाही. सवयीनं चहा दोघांचा होतो. दुसरा कप मीच पितो, गार झाल्यावर. तू इथे होतीस तेव्हा मी तुझ्याकडे कधी नीट बघितलंच नाही, आपल्या दिव्याकडेच बघत बसलो. आता वाटतं, तू नुसती येऊन बसावीस. बोलली नाहीस तरी चालेल. तुझ्या त्या मशीनच्या खडखडाटाचा पूर्वी मला वैताग यायचा. आता तो थांबला की कळतं, तू लांब गेलीस. ये, जमेल तेव्हा ये. मी दिवा लावून ठेवतो."

साहेब छतावरच्या पंख्याकडे बघत होते.

"अहो," वहिनी हळूच म्हणाल्या, "दीपगृहात शिलाई मशीन कुठून आलं?"

भाऊ म्हणाले, "असेल एखादं. ओलीमुळे गंजलेलं."

मग वहिनींनीच सगळं सांगितलं. परीक्षा, धडा, पाच गुणांचा प्रश्न. जे लपवायचं होतं ते त्यांनी मान वर करून, टेप गळ्यात तशीच ठेवून सांगितलं. टायपिस्टबाई रडता रडता हसायला लागल्या. साहेब म्हणाले, "अस्सं! म्हणजे वायरमन नाहीच?" आणि मग, भाऊंना पुष्कळ दिवस बोचेल अशा आवाजात, "मी मघाशी घरी फोन करून बायकोशी उगाचच गोड बोललो."

मंडळी गेली. भाऊ शिव्या खायच्या तयारीनं खुर्चीच्या टोकावर बसले. वहिनी मशीनवर बसल्या, पण मशीन सुरू झालं नाही.

"ते सगळं दिवेवाल्याचंच होतं ना?"

"हो," भाऊ म्हणाले. मग म्हणाले, "बरंचसं."

"मीही बघायचे हो वाट. तुम्ही घरी यायचात आणि वर्तमानपत्र उघडायचात. ते कधी खाली ठेवाल म्हणून समोर बसून राहायचे. अशी किती वर्षं गेली. शेवटी मीही पुस्तक उघडलं."

मग वहिनींनी पेन घेतलं. "पुन्हा सांगा. सावकाश. हुरहुरीला इंग्रजीत काय म्हणतात?"

दोघांनी शब्दकोश मांडीवर घेऊन शोधलं. सापडेना.

"नुसतं 'आय मिस यू' लिही," भाऊ म्हणाले.

"मिस म्हणजे चुकणं. बस मिस होते तसं. मी काय बस आहे?"

त्या संध्याकाळी उत्तर पुरं झालं नाही. पण शब्द शोधता शोधता दोघांचा चहा एकाच वेळी, गरम असतानाच पिऊन झाला.

परीक्षेच्या दिवशी भाऊंनी रजा टाकली. शाळेच्या फाटकाबाहेर पाण्याच्या बाटल्या धरलेल्या आयांच्या घोळक्यात तेही बाटली धरून उभे राहिले. आता हा शेवटचा पेपर. आज घरी जाताना बागेवरून जाऊ, बाकावर बसू, आणि साहेब काय काय म्हणाले ते सगळं पहिल्यापासून सांगू. इतक्या महिन्यांचं साचलं होतं.

घंटा झाली. पोरींच्या लोंढ्यातून वहिनी बाहेर आल्या. चेहरा असा उजळलेला, की भाऊंना एकदम त्यांचा लग्नातला चेहरा आठवला. भाऊ हात वर करून पुढे झाले. वहिनींच्या मागे त्यांच्याच वर्गखोलीतल्या चार-पाच मुली होत्या.

"अहो, पेपर मस्त गेला! या म्हणताहेत, आइसक्रीम खायला चला. जाऊ ना?"

"जा की," भाऊ म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मग एवढी पिशवी न्या ना घरी. आणि कुकर लावा."

"काकू, माझंही देऊ?" एका मुलीनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आपलं दप्तर भाऊंच्या खांद्यावर अडकवलं. मग दुसरीनं. मग तिसरीनं. "तुमच्या घरावरूनच जाते मी, येताना घेईन."

मुली रस्ता ओलांडून पलीकडे पोचल्या आणि तिथून वळून सगळ्यांनी एका सुरात ओरडून सांगितलं, "थँक्यू, आजोबा!"

त्यात सगळ्यात मोठा आवाज वहिनींचा होता.