पहिल्या रांगेतला बाळराजे

एका जंगलात एक सशीण राहत होती, तिचं नाव चिंधीआक्का. तिची एकुलती उरलेली लेक ठुमकी. त्याच जंगलात एक बिबट्या राहत होता, बिबटेराव. त्याचा लाडका लेक बाळराजे. आणि या दोन्ही पोरांना एकाच वर्गात बसवून शिकवणारे एक गवागुरुजी होते. झाली सगळी मंडळी. आता ऐका, आणि मध्ये बोलू नका.

'उरलेली' का म्हटलं, विचाराल. तर ठुमकीची दोन भावंडं गेल्या उन्हाळ्यात बिबटेरावांच्या पोटात गेली होती. शाळा चालू आहे तोवर शाळेतल्या पोराला कुणी खायचं नाही, असा जंगलाचा कायदा होता. उन्हाळ्याची सुट्टी लागली की कायदाही सुट्टीवर जायचा.

म्हणून सशांच्या पोरांना त्याआधी पळायला यावं लागे, आणि बिबट्यांच्या पोरांना झेप घ्यायला. गुरुजी सगळ्यांना माळावर न्यायचे, करवंदीच्या जाळ्यांतून पिटाळायचे. पोरं ओरबाडून घरी यायची. पण काहीतरी शिकून यायची.

मग बिबटेराव शाळा समितीचे अध्यक्ष झाले. त्यांचे गुडघे धरले होते. पुढच्या पोटापाण्याची सगळी भिस्त बाळराजेवर. "माझ्या पोरानं काट्यात का लोळायचं?" असं म्हणून त्यांनी शाळेला एक मोठा पडदा दिला. बटण दाबलं की त्यात चित्रं धावायची, बोट फिरवलं की मागे यायची, आणि आतली बाई गोड आवाजात शिकवायची.

पडद्याच्या खालच्या अंगाला रंगवलं होतं, 'श्री. बिबटेराव यांजकडून सप्रेम भेट'. अक्षरं एवढी मोठी, की चित्रातल्या सशाचे पाय त्यांच्यामागे झाकले जायचे. पळण्याच्या धड्यात पायच दिसेनात! पण अध्यक्षांना सांगणार कोण?

नारळ फुटला. फोटो निघाले. पडद्यावरचं प्लास्टिक गुरुजींनी काढू दिलं नाही, नवेपणा जाईल म्हणून. आणि माळ बंद झाला.

शिमगा सरला, सुट्टी जवळ आली, तशी चिंधीआक्का शाळेत गेली.

"गुरुजी, माझी पोर दिवाळीपासून एकदा तरी पळाली का हो?"

"आक्का, पळण्याचा धडा तिनं तोंडपाठ केलाय. वर्गात दुसरी आली ती."

"आणि पहिलं कोण?"

"बाळराजे. शिकारीत पैकीच्या पैकी!"

आक्का तडक उठली. तिनं समितीच्या सभेत तोंड उघडलं, तर बिबटेराव मिशीतल्या मिशीत हसले. "आक्का, तुम्ही जुन्या वळणाच्या. काळ बदललाय."

आक्का घरी आली. त्या संध्याकाळपासून तिनं ठुमकीला करवंदीत घातलं. स्वतःच बिबट्या व्हायची, गुरगुरायची आणि लेकीच्या मागे लागायची.

"आई गं, टोचतंय!"

"टोचू दे. वळ! आता उलटी वळ!"

"पडद्यातली सशीण तुझ्यापेक्षा छान पळते. आणि तिला काटेसुद्धा टोचत नाहीत."

"तिला कुणी खात पण नाही, भवाने! पळ!"

अशी रोज रडारड. आणि एक दिवस सुट्टी लागली.

सकाळीच बिबटेराव सहकुटुंब माळावर हजर. पोराची पहिली शिकार! आईनं त्याला दृष्ट लागू नये म्हणून काजळाचा ठिपका लावला होता. इतक्या ठिपक्यांत तो कुठला, ते तिलाही सापडेना.

ठुमकी गवतात बसली होती. बाळराजेनं दबा धरला. काय दबा तो! शेपूट सरळ, कान मागे, सगळं अगदी धड्यातल्यासारखं. बिबटेरावांचे डोळे भरून आले.

बाळराजे दबा धरून बसला. बसला. आणि बसूनच राहिला.

"अरे, झेप घे की!"

"थांबा हो बाबा. बाई अजून 'आता झेप घ्या' म्हणाल्या नाहीत."

तुम्ही हसताय, पण आपली ठुमकीही तशीच बसली होती. तिला वाटलं, धड्यात पळण्याच्या आधी संगीत वाजतं, ते अजून कुठं वाजलंय? जाळीआड आक्का लपून बघत होती. तिनं मागचा पाय दाणकन जमिनीवर आपटला. "ठुमके, वळ!"

रोजचा आवाज तो. डोक्याला कळायच्या आत ठुमकीचे पाय उठले. सुळकन ती करवंदीत शिरली, डावीकडे वळली, उलटी फिरली, दिसेनाशी झाली.

बाळराजेनं पंजा पुढे केला आणि हवेत बोट डावीकडून उजवीकडे फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"हे काय करतोयस?"

"बाबा, तिला जरा मागे घ्या ना. माझी झेप राहिली."

पुढच्या सभेत बिबटेराव उभे राहिले. चेहरा पडलेला, पण आवाज अध्यक्षांचाच. "पोरं कच्ची राहतात, कारण पडदा लहान पडतो. दुप्पट मोठा आणू. कुणाची हरकत?"

सगळ्यांनी चिंधीआक्काकडे पाहिलं.

आक्का पदर सावरून उठली. "हरकत? अहो, मी तर म्हणते, बाळराजेंना घरी पण एक द्या. सुट्टीत पोराचा अभ्यास बुडायला नको."

टाळ्या पडल्या. जुन्या वळणाची बाई सुधारली म्हणून बिबटेरावांनी स्वतःच्या पंजानं तिला शाल आणि नारळ दिला.

आता बिबटेराव ओढ्यावर खेकडे पकडतात. बाळराजे घरी शिकारीचे वरच्या वर्गाचे धडे बघतो. ठुमकीचं लग्न झालं, पोरंबाळं झाली. ती रोज शाळेत जातात, पडद्यासमोर शहाण्यासारखी झोप काढतात आणि संध्याकाळी आजीबरोबर करवंदीत पळतात. उन्हाळ्यात आक्का पोरं मोजायची सोडून झोपते. बीळ भरलंय, आणि भरलेलंच राहतं.

तात्पर्य: शाळेत पडदा हवाच, आणि मोठा हवा. ज्यांच्या दातांची आपल्याला भीती वाटते, त्यांची पोरं त्याच्यासमोर पहिल्या रांगेत बसवावीत. आपली संध्याकाळी काट्यात न्यावीत. पण हे सभेत बोलू नये.